कुकरातलं ऑर्किड: नागपुरात घरच्या घरी बियांपासून रोपं करायची तर

गोकुळपेठेत भाजी घेताना एका बाईंनी मला थांबवलं. माझ्या गॅलरीतलं डेंड्रोबियम जातीचं ऑर्किड त्यांनी रस्त्यावरून पाहिलेलं. "काकू, याचं बी द्या ना थोडं, कुंडीत टाकून बघते." मी त्यांना घरी नेलं आणि एक वाळकी शेंग काळ्या कागदावर झटकली. पिवळसर भुकटी पडली, टाल्कम पावडरीसारखी. पंखा बंद करायला मी उठेपर्यंत अर्धी उडून गेली. "हे बी?" त्या म्हणाल्या. हो, हेच बी. एका शेंगेत हजारो, काही जातींत लाखांच्या घरात. आणि कुंडीत टाकलं तर बहुतेक एकही उगवणार नाही. (ऑनलाइन रंगीत पाकिटातून येणारं, चिमटीत एकेक धरता येणारं बी असेल, तर ते ऑर्किडचं नाही. पैसे वाचवा.)

कारण साधं आहे. मुगाला मोड येतात, कारण त्याची शिदोरी त्याच्या डाळीतच असते. ऑर्किडच्या बीला शिदोरीच नाही. मधे गर्भाचा एक ठिपका, भोवती जाळीदार पातळ साल, संपलं. रानात एक विशिष्ट बुरशी त्या ठिपक्यात शिरते आणि तिच्याकडून मिळालेल्या अन्नावर तो वाढतो. नोएल बर्नार नावाच्या फ्रेंच माणसानं १८९९ मध्ये ही गोष्ट ओळखली. पुढं १९२२ मध्ये अमेरिकेत लुईस नड्सन यांनी दाखवलं की निर्जंतुक बाटलीत क्षार आणि साखर दिली तर बुरशीवाचूनही बी रुजतं. आपण घरी करतो ते हेच. बुरशीचं काम साखरेला देतो. पण साखर घातली की गावभरच्या बुरश्या जेवायला येतात! म्हणून मी याला बागकाम म्हणतच नाही. हा लोणच्याच्या बरणीचा प्रकार आहे, फक्त यात मीठ नाही, तेल नाही, आंबटपणा नाही. बुरशीला अडवणारी एकच गोष्ट उरते, तुमचा हात.

मी ज्युनिअर कॉलेजच्या जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत २९ वर्षं सहायक होते. काचेच्या पट्ट्या धुणं, स्पिरिटचे दिवे भरणं, मुलांनी मोडलेले चिमटे सरळ करणं. त्यामुळं मला वाटलं होतं, हे आपल्याला सहज जमेल. पहिल्या खेपेला १४ बाटल्या भरल्या, १४ गेल्या. त्याबद्दल पुढं सांगते.

आधी कॅलेंडर

पुण्याच्या किंवा कोकणातल्या माणसाला हे इतकं लागत नाही, नागपूरकराला लागतं. बाटलीतलं रोप बाहेर काढायचा इथं एकच धड काळ आहे: जुलै. मृगाचा पाऊस स्थिरावला, हवा ओली झाली, ऊन ढगामागं गेलं की. मार्चमध्ये काढलं तर एप्रिल-मेच्या दुपारी हवेतला ओलावा २० टक्क्यांच्याही खाली जातो, रोपाचा पापड होतो. नोव्हेंबरात काढलं तर थंडीत ते नुसतं बसून राहतं आणि पुढं उन्हाळा उभाच. म्हणून हिशेब जुलैपासून उलटा करायचा.

डेंड्रोबियमचं माझं वेळापत्रक असं: सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये परागण, चार महिन्यांनी म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत हिरवी शेंग कापून पेरणी, जूनमध्ये पहिली बदली (म्हणजे रोपं नव्या बाटलीत हलवणं), नोव्हेंबरात दुसरी, आणि त्याच्या पुढच्या वर्षीच्या जुलैत बाटलीबाहेर. पेरणीपासून सतरा-अठरा महिने झाले. घाई असेल तर फुटाळ्याकडच्या नर्सरीतून तयार कुंडी आणा, त्यात कमीपणा काही नाही.

फॅलेनॉप्सिसच्या शेंगेला यापेक्षा थोडा जास्त वेळ लागतो, कॅटलेयाला नऊ-दहा महिने. सुरुवात डेंड्रोबियमनंच करा. ते आपल्या हवेला सोसतं आणि तीनेक वर्षांत फूल दाखवतं.

परागण: टूथपिक आणि चष्मा

फूल उमलून चार-पाच दिवस झालेलं घ्या. मधोमध जो जाडसर दांडा असतो त्याच्या टोकाला एक पांढरी टोपी असते, तांदळाच्या कणीएवढी. टूथपिकनं ती खालून वर हळूच उचलली की सुटते, आणि आत पिवळे मेणचट परागपुंज दिसतात. डेंड्रोबियममध्ये चार, दोन-दोनच्या जोडीनं. फॅलेनॉप्सिसचे दोन असतात आणि त्यांना खाली चिकट गोंदाची पट्टी असते, टूथपिक लावली की आपोआप येतात. डेंड्रोबियमला तो गोंद नाही. म्हणून टूथपिकचं टोक आधी त्याच दांड्याच्या खालच्या चकचकीत खळग्यात बुडवायचं. तो खळगा म्हणजे स्त्रीकेसराचं तोंड, त्यात चिकट पाणी असतं. त्या ओल्या टोकावर पराग चिकटतो. मग तो दुसऱ्या झाडाच्या फुलाच्या खळग्यात ठेवायचा. पहिल्यांदा करताना माझे दोन परागपुंज गॅलरीच्या जाळीतून खाली गेले. खाली पांढरा रुमाल अंथरा.

दुसऱ्या झाडाच्या, हे मुद्दाम लिहिलं. डेंड्रोबियमच्या पुष्कळ जाती स्वतःचा पराग स्वीकारतच नाहीत. शेंग धरल्यासारखी होते आणि महिन्याभरात पिवळी पडून गळते. दोन वेगळी झाडं हवीत, आणि एकाच झाडाच्या दोन फुटव्यांना दोन झाडं म्हणत नाहीत.

जमलं असेल तर दोन-तीन दिवसांत फूल मान टाकतं आणि फुलामागचा देठ हिरवा राहून फुगायला लागतो. हा देठच पुढं शेंग होतो. त्या दिवशीच लेबल बांधा: आई, बाप, तारीख.

आता एक धोका, जो मला कुणी आधी सांगितला नव्हता. बाजारात कापायच्या फुलांसाठी जी डेंड्रोबियमं येतात त्यातली बरीच त्रिगुणित असतात, म्हणजे गुणसूत्रांचे तीन संच. फुलं मोठी, टिकाऊ, पण बी जवळजवळ वांझ. शेंग मात्र अगदी गुबगुबीत धरते. मी एकदा चार महिने अशी शेंग सांभाळली, पावसात तिला पिशवीची टोपी घातली. कापली तर आत कापसासारखा भुसा. कॉलेजातल्या जुन्या मैत्रिणीकडं जाऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. जाळीदार पिशव्या सगळ्या रिकाम्या, मधला ठिपका एकातही नाही. त्यामुळं एका जोडीवर विसंबू नका, तीन-चार वेगवेगळ्या जोड्या जुळवा.

रानातल्या ऑर्किडबद्दल लोक विचारतात. माझ्या माहेरी, भंडारा जिल्ह्यात, घरामागच्या आंब्यावर व्हँडा टेसेलाटा आहे: तपकिरी चौकटीचौकटीच्या पाकळ्या, जांभळट जीभ, आणि सकाळी गोड वास. गावात त्याला सरसकट बांडगूळ म्हणून कापतात. बांडगूळ झाडाच्या आत मुळं घालून रस पितं. हे नुसतं सालीवर बसतं, झाडाचं काही घेत नाही. जंगलातून मात्र झाड किंवा शेंग आणू नका. नियमाची बाब आहेच, शिवाय रानातलं खोडावरून उपटलेलं ऑर्किड घरी क्वचितच जगतं. मी आमच्या आंब्यावरची एक शेंग घेतली, तीही दादाला विचारून.

बाटलीतलं जेवण

अर्ध्या लिटरचं प्रमाण देते, त्यात दहा बाटल्या होतात. मुराशिगे-स्कूगचं पावडर, म्हणजे रोपांना लागणाऱ्या क्षारांचं मिश्रण (दुकानात नुसतं 'एमएस' म्हणतात, साखर आणि अगर नसलेलं मागा) पाकिटावरच्या मात्रेच्या निम्मं. साखर १० ग्रॅम. नारळपाणी ५० मिलिलिटर. बाकी आरओचं किंवा साठवलेलं पावसाचं पाणी. अगर-अगर ४ ग्रॅम. प्रयोगशाळेचं अगर महाग वाटलं तर किराण्यात मिळतं ते चायना ग्रास चालतं, पण साधं दोऱ्यांचं घ्या, साखर-वेलची घातलेलं पुडिंगचं पाकीट नको, आणि ५ ग्रॅम घ्या. मोजायला सोनारी काट्यासारखा छोटा डिजिटल काटा लागतोच. चमच्यानं हे होत नाही.

पावडर मिळत नव्हतं तेव्हा मी कृषी केंद्रातलं १९:१९:१९ लिटरला १ ग्रॅम घालून बघितलं. बी रुजलं, खोटं नाही, पण रोपं पिवळट राहिली. त्यात मॅग्नेशियम नाही, कॅल्शियम नाही, हिरवेपणा यायचा कुठून?

आम्लता पट्टीनं बघा, पीएचचा आकडा साडेपाचच्या जवळ हवा. जास्त आंबट झालं तर अगर गोठतच नाही, खळीसारखं लिबलिबीत राहतं. आकडा वाढवायला खायच्या सोड्याचं चिमटीभर पाणी थेंबाथेंबानं, कमी करायला लिंबूसत्व. हे बघून झालं की मगच अगर घालून उकळा, पूर्ण पारदर्शक होईपर्यंत. बाटलीत दोन बोटं जाडीचा थर पुरे.

बाटल्या जॅमच्या. झाकणाला खिळ्यानं भोक पाडून त्यावर मेडिकलमधली कागदी चिकटपट्टी दुहेरी लावते. रोपाला हवा लागते, बुरशीला आत येऊ द्यायचं नाही, त्यातला हा मधला मार्ग.

कुकर. माझा १० लिटरचा, त्यात सात बाटल्या बसतात. झाकणं अर्धा आटा सैल. शिट्ट्या मोजू नका. पहिली शिट्टी झाली की गॅस बारीक करा आणि तिथून २५ मिनिटं घड्याळानं. मग गॅस बंद, आणि कुकर आपोआप थंड होऊ द्या. वाफ घाईनं सोडली की बाटलीतलं सगळं उकळून झाकणाला लागतं. आमचे हे पहिल्यांदा स्वयंपाकघरात आले, झाकण उचलून बघायला लागले, "काय करून राहिली? वास तर खिरीचा येऊन राहिला." नारळपाणी आणि साखर, दुसरं काय होणार! त्या दिवशीपासून कुकरवर चिठ्ठी लावते.

आता सगळ्यात उपयोगी सल्ला, जो माझ्या प्रयोगशाळेतल्या सवयीतून आला: भरलेल्या बाटल्या लगेच वापरू नका. आठ दिवस तशाच ठेवा. रिकाम्या बाटलीत बुरशी आली तर दोष कुकरचा. आठ दिवस स्वच्छ राहिली आणि पेरल्यावर बुरशी आली तर दोष तुमच्या हाताचा किंवा शेंगेचा. हे वेगळं कळलं नाही तर माणूस वर्षभर चुकीच्या जागी दुरुस्ती करत बसतो. मी बसले होते.

पेटी, आणि एक भाजलेला हात

मोठ्या कंपन्यांत गाळलेल्या हवेचं यंत्र असतं. आपल्याला एक पारदर्शक प्लास्टिकचा ५०-६० लिटरचा डबा पुरतो, गाद्या-स्वेटर ठेवायचा. आडवा ठेवून समोरच्या भिंतीला हात जातील अशी दोन भोकं. स्टीलचा पेला गॅसवर तापवून, पक्कडनं धरून दाबला की सुबक गोल भोक पडतं. वास फार येतो, गच्चीवर करा. या पेटीत हवा साफ होत नाही, फक्त स्थिर राहते. स्थिर हवेत बीजाणू खाली बसतात. म्हणून आतून सगळं पुसायचं, बाटल्या-चिमटे-ब्लेड आत ठेवायचे, आणि पंधरा मिनिटं हात न लावता बसायचं. खोलीतला पंखा बंद, कूलर बंद, खिडकी बंद, मोबाइल बाहेर. नागपुरात हे काम जानेवारीत ठेवण्याचं अर्धं कारण हेच आहे. मेमध्ये कूलर बंद करून अर्धा तास बसून दाखवा. उकळत्या पातेल्याच्या वाफेवर जाळी ठेवूनही पेरता येतं, पेटीच लागत नाही. तेही केलंय मी, एकदाच.

पुसायला ७० टक्के स्पिरिट. आणि इथं लक्ष द्या: ते फवारल्यावर पेटीत दिवा लावायचा नाही. कधीच नाही. कॉलेजात उघड्या टेबलावर २९ वर्षं स्पिरिटचा दिवा लावलेला, सवयीनं पेटीतही लावला. आत वाफ कोंडलेली. भप्पकन निळी ज्योत उठली, मनगटावरचे केस गेले आणि डाव्या हाताला दोन फोड आले. तेव्हापासून माझी सगळी हत्यारं फॉइलमध्ये गुंडाळून कुकरातून काढलेली असतात, प्रत्येक बाटलीला वेगळं ब्लेड. आच हवीच कशाला?

शेंग हिरवी असतानाच कापायची, फुटायच्या आत. बंद शेंगेचं आतलं बी निर्जंतुकच असतं, फक्त साल स्वच्छ करावी लागते. फुटलेल्या शेंगेचं बी ब्लीचमध्ये धुवावं लागतं आणि त्यात नाजूक गर्भ मरतात. हिरवी शेंग भांड्याच्या साबणानं आणि जुन्या टूथब्रशनं घासा, फुलाचा वाळका तुरा कापून टाका, कारण घाण तिथंच लपते. मग एक भाग ब्लीच, नऊ भाग पाणी, साबणाचा एक थेंब, त्यात अर्धा तास. ब्लीच आणि संडास धुवायचं अॅसिड एकमेकांजवळही आणू नका, विषारी वायू होतो. पेटीत नेल्यावर कुकरातून काढलेल्या पाण्यानं दोनदा विसळायची.

लांबीत चीर द्या. आतलं बी ओलसर, फिकट, घट्ट मळलेल्या मैद्यासारखं दिसतं. ब्लेडच्या टोकावर मोहरीएवढं घेऊन बाटलीत पसरायचं. हात आवरा! पहिल्यांदा सगळे जास्त पेरतात, मग चार महिन्यांनी कोथिंबिरीची जुडी सोडवल्यासारखी रोपं सोडवावी लागतात. झाकण घट्ट, नाव, तारीख.

संत्र्यांची टोपली

आता त्या १४ बाटल्या. कुकर बरोबर होता, पेटी बरोबर होती, शेंग घासलेली होती. पाचव्या दिवशी पहिल्या बाटलीत पांढरा ठिपका, सातव्या दिवशी तो ऑलिव्ह हिरवा झाला, आणि दहाव्या दिवसापर्यंत सगळ्या बाटल्यांत तीच हिरवी भुकटी. सगळ्यांत एकच रंग, हे विचित्र होतं. हाताची चूक असती तर पांढरी, काळी, गुलाबी अशी खिचडी झाली असती. मी खोलीभर बघत फिरले. पेरलं त्या टेबलाखाली काटोलहून आलेली संत्र्यांची टोपली होती, आणि तळाची तीन संत्री हिरव्या भुकटीनं झाकलेली, दाबली की धूर निघावा अशी. पेनिसिलियम. संत्र्यावरची ती हिरवी बुरशी म्हणजे कोट्यवधी बीजाणूंचा साठा, आणि मी पेरायच्या आधी ती टोपली पायानं सरकवली होती.

तेव्हा नागपूरकरांनो, हंगामात संत्री दुसऱ्या खोलीत. कांद्याची टोपली, कुंडीची माती आणि ओला कूलरही दुसऱ्या खोलीत. कूलरच्या ओल्या गवतात काय काय वाढतं ते मी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलंय. जेवताना सांगण्यासारखं नाही.

त्या वर्षी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी महालातून मारबत निघाली, इडापीडा घेऊन जाणाऱ्या पुतळ्याची आमची मिरवणूक. गर्दीत सगळे ओरडत होते तेव्हा मीही ओरडले, "बुरशी घेऊन जा गे मारबत!" शेजारची मुलगी वळून बघायला लागली.

बुरशी लागलेली बाटली उघडून वास घेऊ नका. बंदच कुकरात घाला, एकदा शिजवा, मग धुवा. कापसासारखी दिसली तर बुरशी, दुधाळ चकाकता डाग पसरला तर जिवाणू. पहिलीचा संशय हवेवर घ्या, दुसऱ्याचा शेंग किंवा पाण्यावर.

हिरवं होणं, आणि बाटलीतला उन्हाळा

सगळं नीट झालं तर दोन-तीन आठवड्यांत भुकटी फुगते, चौथ्याच्या सुमारास हिरवट होते. भिंगातून बघितलं तर हिरव्या खसखशीचे दाणे, खाली बारीक लव. मग दाण्याच्या डोक्यावर एक टोक येतं, तेच पहिलं पान. हे बघण्यासाठी मी रात्री दोनदा उठलेली आहे.

उजेड म्हणजे ऊन नाही. बंद बाटली उन्हात पंधरा मिनिटांत आतून शिजते. २० वॅटची एलईडी ट्यूब, फूटभर वरून, १२ ते १४ तास.

उन्हाळ्याचा खरा त्रास वेगळाच आहे. भारनियमन झालं, कूलर बंद पडला, खोली तापली, बाटलीतली हवा फुगून थोडी बाहेर गेली. लाइट आले, कूलर सुरू झाला, बाटली थंड झाली की ती बाहेरची हवा आत ओढते, बीजाणूंसकट. फेब्रुवारीत स्वच्छ असलेल्या बाटल्या मेमध्ये का बिघडतात, याचं उत्तर मला दोन उन्हाळ्यांनी मिळालं. उपाय: घरातली सगळ्यात कमी बदलणारी जागा शोधा. माझ्याकडं ती उत्तरेच्या खोलीत, पलंगाखाली, फरशीवर आहे. बाटल्या थर्माकोलच्या उघड्या खोक्यात, ट्यूब तिथंच आडवी. ओलं पोतं बाटल्यांखाली चालतं, वर टाकू नका. ओल झाकणापर्यंत चढली की तिच्या वाटेनं बुरशीही चढते. मेअखेरच्या नवतपाच्या नऊ दिवसांत तर मी खोलीचं दार उघडत नाही.

जूनमध्ये पहिली बदली. तेव्हाचं जेवण थोडं वेगळं: त्याच प्रमाणात अर्ध्या लिटरला ३० ग्रॅम कुस्करलेलं केळं आणि १ ग्रॅम सक्रिय कोळशाची पूड. केळं पिकलेलं, पण काळे ठिपके पडायच्या आतलं. केळं घातल्यावर आम्लता पुन्हा बघा. कोळशानं माध्यम काळं होतं, मुळांना अंधार मिळतो आणि त्यांनीच सोडलेली घाण शोषली जाते. एका बाटलीत वीसेक रोपं, मुळं खाली. दुसरी बदली नोव्हेंबरात, तशीच.

बाहेर

इथं सगळ्यात जास्त रोपं मरतात आणि इथंच लोक हार मानतात, कारण दीड वर्ष गेलेलं असतं. बाटलीतल्या पानावर मेणाचा थर नीट आलेला नसतो, पानाची छिद्रं धड मिटत नाहीत. बाहेरच्या हवेत त्यातलं पाणी अक्षरशः वाहून जातं. माझी पहिली ६० रोपं मी जुलैत काढली, पण थेट गॅलरीत मांडली. दिवाळीला ११ उरली.

आता असं करते. पाऊस लागून राहिलेला आठवडा निवडते. आधी चार दिवस बाटलीचं झाकण रोज थोडं सैल. मग कोमट पाणी घालून हलवायचं, रोपं ताटलीत ओतायची आणि मुळांवरचा अगरचा प्रत्येक कण बोटांनी धुवायचा. राहिलेला कण म्हणजे साखर, आणि साखर म्हणजे आठव्या दिवशी पांढरं जाळं. लिटरला एक ग्रॅम कार्बेन्डाझिम या बुरशीनाशकाच्या पाण्यात दहा मिनिटं, हातात मोजे. लहान-मोठी रोपं वेगळी करून दहा-पंधरा एका पसरट मातीच्या कुंडीत: खाली कोळशाचे तुकडे, वर नारळाच्या सोडणाचे हरभऱ्याएवढे तुकडे. सोडण आधी तीन दिवस भिजवून रोज पाणी बदला, त्यातला तपकिरी रंग जाईपर्यंत. एकेकटं लावलेलं रोप रुसतं, घोळक्यातलं टिकतं. वर पारदर्शक डबा उपडा, तीन आठवडे, रोज पाच मिनिटं उचलायचा, मग दहा, मग अर्धा तास.

पाणी शक्यतो पावसाचं. नळाचं चालतं, बोअरचं नको, पानांवर आणि मुळांवर पांढरे क्षार बसतात. खत महिनाभर काहीच नाही. नंतर आठवड्यातून एकदा, लेबलवरच्या मात्रेच्या चौथा हिस्सा.

ऑक्टोबरची उष्णता फसवी असते, पाऊस गेलेला आणि आपण बेसावध. मार्चपासून ७५ टक्क्यांची हिरवी जाळी, कुंड्या ओल्या रेतीच्या ट्रेवर (पाण्यात नाही, विटेच्या तुकड्यांवर), पाणी पहाटे एकदा आणि ऊन उतरल्यावर एकदा. दुपारी चुकूनही नाही. पाइपातलं पहिलं पाणी चहाएवढं गरम असतं, आधी ते अंगणात सोडा.

त्या ११ मधली ७ रोपं पुढच्या उन्हाळ्यातून निघाली. बाटलीबाहेर आल्यावर दीड वर्षानं, जानेवारीत, एकीला दांडा आला. आई जांभळी होती. हिला फिकट गुलाबी, कडेला जांभळी रेघ आणि एक पाकळी मुरडलेली. बियांपासून केलेलं रोप आईबापांची नक्कल करत नाही, सात रोपं म्हणजे सात वेगळी फुलं. दुसरीचं फूल जवळपास पांढरं निघालं. व्हँडाची रोपं सहाव्या वर्षात आहेत, पानं वीतभर, फुलाचं नाव नाही. व्हँडा करायचा असेल तर निवृत्तीची वाट बघू नका.

त्या मुरडलेल्या पाकळीवालीचा बाप कोण, हे मात्र मला सांगता येणार नाही. परागणाच्या दिवशी लेबल बांधलं होतं, मार्कर पेननं, ठळक अक्षरात. दोन उन्हाळ्यांनी ते कोरं झालं. आईचं नाव मी आठवणीनं लिहिलं, बापाचं आठवेना, तेव्हा गॅलरीत तीन झाडं फुलावर होती. लेबल पेन्सिलीनं लिहा.